कुत्र्याचें पोट, त्याची कांति आणि हितकर जंतु

नाशिक शहराजवळ गोदावरीच्या कांठीं एकलहरे म्हणून एक गांव आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्रामुळें हें नांव महाराष्ट्रास परिचित झालें. वीजकेंद्राच्या आश्रयानें तेथें नोकरदार कुटुंबांची वसाहत उभी राहिली. आणि जेथें अंगण आहे व मुलेंबाळें आहेत, तेथें कुत्रा हा यावयाचाच. गेल्या पावसाळ्यांत या वसाहतींतील माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे जाण्याचा योग आला. त्यांचा चार वर्षांचा कुत्रा दारांत बसला होता. एरव्हीं पावलांची चाहूल लागतांच अंगावर उडी घेणारा हा प्राणी त्या दिवशीं नुसती शेपटी हालवून स्वस्थ राहिला. अंगावरचे केस राठ व निस्तेज झालेले, बरगड्या दिसूं लागलेल्या, आणि घरांतील वहिनींची तक्रार अशी कीं, गेले दोन महिने त्याचें शौच म्हणून बांधून होत नाहीं.

गृहस्थांनीं कपाटांतून एक डबा काढून माझ्यापुढें ठेवला. त्यावर तुळतुळीत केसांच्या कुत्र्याचें सुरेख चित्र होतें, आणि वर ‘प्रोबायोटिक’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला होता. ते म्हणाले, “रोज एक चमचा देतों आहोंत. पोटहि सुधारेल आणि केसहि चमकूं लागतील, असें दुकानदारानें सांगितलें. तुम्हांला काय वाटतें?”

या प्रश्नास ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें एका शब्दाचें उत्तर मला देतां येईना. आजचें भाषण हें त्या प्रश्नाचेंच सविस्तर उत्तर आहे. त्या कुत्र्याचें पुढें काय झालें, तें मी शेवटीं सांगणार आहें. कारण तें समजण्यास मधला विचार अवश्य आहे.

‘जंतु’ हा शब्द कानीं पडतांच आपल्या मनांत रोगाची कल्पना उभी राहते. पण रात्रीं कोमट दुधांत विरजण घालून निजणारी प्रत्येक गृहिणी जंतूंकडून काम करवून घेत असते. विरजणांतील जंतु दुधांतील शर्करा खातात व तिचें आम्ल करतात. त्या आम्लानें दूध घट्ट होतें आणि नासवणाऱ्या इतर जंतूंस तेथें वाव राहत नाहीं. दूध फार कढत असलें तर विरजण मरतें, फार थंड असलें तर तें आळसावतें, आणि विरजण शिळें असलें तर दहीं लागत नाहीं. ही स्वयंपाकघरांतील तीन सूत्रें ध्यानांत ठेवावीं; डब्यांतल्या पुडीचा विचार करतांना तींच उपयोगी पडतील.

कुत्र्याच्या मोठ्या आंतड्यांत असेच असंख्य जंतु नांदत असतात. लहान आंतड्यांत न पचलेला चोथा त्यांच्या वाट्यास येतो. तो आंबवून ते जीं सौम्य आम्लें तयार करतात, त्यांपैकीं ब्युटिरिक आम्लावर मोठ्या आंतड्याच्या अस्तराचें पोषण होतें. कांहीं जंतु यकृतांतून आलेल्या पित्ताचें रूपांतर करतात, आणि त्या रूपांतरित पित्तामुळें उपद्रवी जंतूंच्या वाढीस आळा बसतो. शिवाय आंतड्याच्या भिंतींत शरीराच्या संरक्षक पेशींचा मोठा तळ असतो. कोणास शत्रु समजावें आणि कोणास शेजारी, याचें शिक्षण त्या पेशींना या जंतूंच्या सहवासांत मिळतें. ही वस्ती सुरळीत असली म्हणजे शौच बांधून होतें. एकाएकीं बदललेलें अन्न, उकिरड्यावरील नासकी वस्तु, किंवा प्रतिजैविक औषधें यांनीं ती वस्ती विस्कटते. मेट्रोनिडॅझोलसारख्या नेहमींच्या औषधानंतर ती घडी पुन्हां बसण्यास कित्येक आठवडे लागल्याचें आढळलें आहे. म्हणून जुलाब दिसतांच घरांत उरलेली माणसांची गोळी कुत्र्यास देण्याची संवय वाईट होय.

बाहेरून चांगले जंतु पोटांत घालावे, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०५ सालीं स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानें जिनीव्हा येथें आपल्या देशच्या दह्यांतील एक दंडाकृति जंतु शोधून काढला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील रशियन शास्त्रज्ञ एली मेच्निकोफ यांनीं त्यावरून असें प्रतिपादन केलें कीं, असें आंबट दूध नित्य घेतल्यास आंतड्यांतील कुजण्याची क्रिया थांबून मनुष्य दीर्घायुषी होईल. मेच्निकोफ यांना १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें शरीराच्या संरक्षणशक्तीविषयींच्या संशोधनाबद्दल. पण त्यांच्या नांवाच्या वजनानें दह्याचा महिमा युरोपभर पसरला. पुढें असें दिसून आलें कीं, हा बल्गेरियन जंतु मनुष्याच्या आंतड्यांत ठाण मांडून राहत नाहीं. तो पाहुणा आहे, घरकरी नव्हे. १९१७ सालीं आल्फ्रेड निस्ले या जर्मन डॉक्टरांनीं, इतरांना पोटाच्या रोगानें घेरलें असतां निरोगी राहिलेल्या एका सैनिकाच्या शौचांतून एक उपयुक्त जंतु वेगळा काढला. १९२३ सालीं हेन्री बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञास इंडोचीनमध्यें लिची व मँगोस्टीन या फळांवर एक उपयोगी यीस्ट सांपडलें. तें आजहि वैद्यकांत वापरलें जातें.

अखेर २००१ सालीं संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनीं ‘प्रोबायोटिक’ या शब्दाची व्याख्या ठरविली. तिचें सार असें: जे सूक्ष्म जीव जिवंत असतां पुरेशा प्रमाणांत दिल्यास यजमानाच्या आरोग्यास लाभ देतात, ते प्रोबायोटिक. आपण त्यांस हितकर जंतु म्हणूं. या व्याख्येंत तीन अटी आहेत. जंतु जिवंत हवे, पुरेसे हवे, आणि त्यांचा लाभ सिद्ध झालेला हवा. यांपैकीं एकहि अट सुटली तर उरते ती केवळ पूड.

आतां कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांकडे वळूं. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पिल्लांच्या अन्नांत एंटरोकॉकस फेशियम या जंतूची एसएफ ६८ नांवाची जात मिसळली, तेव्हां डिस्टेंपरच्या लसीस त्यांच्या शरीरानें अधिक चांगला प्रतिसाद दिल्याचें दिसलें. २००९ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत बायफिडोबॅक्टेरियम जातीचा एक जंतु दिलेल्या कुत्र्यांचे साधे जुलाब सरासरी ३.९ दिवसांत थांबले. ज्यांना तो दिला नव्हता त्यांना ६.६ दिवस लागले. हें वाचून आनंद होतो. पण २०१९ सालीं जुलाब होणाऱ्या ६० कुत्र्यांचे तीन गट केले असतां, हितकर जंतु मिळालेला गट सुमारें ३.५ दिवसांत, मेट्रोनिडॅझोल मिळालेला ४.६ दिवसांत, आणि कांहींच औषध न मिळालेला ४.८ दिवसांत ठीक झाला; आणि हा फरक इतका थोडा होता कीं, गणितशास्त्राच्या कसोटीस तो उतरला नाहीं.

या परस्परविरुद्ध दिसणाऱ्या निकालांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, एका जातीचा जंतु उपयोगी पडला म्हणून दुसरी जात उपयोगी पडेलच असें नाहीं. हापुस गोड म्हणून प्रत्येक आंबा गोड, असें आपण म्हणत नाहीं. दुसरी ही कीं, धडधाकट कुत्र्याचे साधे जुलाब बहुधा चारपांच दिवसांत आपोआपच थांबतात. त्या चारपांच दिवसांत आपण जें कांहीं देतों, त्यास यश मिळाल्यासारखें वाटतें.

पोटाचें असें झालें. मग केसांचें काय? येथें आपणांस अधिक सावध राहिलें पाहिजे. केस हा बहुतांशीं प्रथिनांचा बनलेला असतो. कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनांपैकीं २५ ते ३० टक्क्यांपर्यंत भाग त्वचा व केस यांच्याकडेच खर्च होतो. केसांची चकाकी त्वचेंतील स्निग्धतेवर अवलंबून असते, आणि त्या स्निग्धतेस लिनोलिक आम्लासारखीं मेदाम्लें अन्नांतूनच मिळावीं लागतात. शिवाय जस्त हवें. आपल्या पुष्कळ सुशिक्षित घरांत कुत्र्याचें जेवण म्हणजे दूध-पोळी. कुत्र्यास पिष्टमय अन्न पचत नाहीं असें मुळींच नाहीं. लांडग्याच्या मानानें कुत्र्यांत पिष्ट पचविणाऱ्या रसाच्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात, हें २०१३ सालीं दाखवून देण्यांत आलें आहे. माणसाच्या शेजारीं हजारों वर्षें राहून त्यानें ही विद्या मिळविली. पण पोळींत प्रथिनें पुरेशीं नसतात, आणि धान्याच्या कोंड्यांतील फायटेट नांवाचें द्रव्य जस्तास धरून ठेवतें. अशा कुत्र्याचे केस राठ होतात, कित्येकांच्या डोळ्यांभोंवतीं व तोंडाभोंवतीं खपल्या धरतात. दुधाविषयीं म्हणाल, तर पिल्लूं मोठें झालें कीं दुधांतील शर्करा पचविण्याची त्याची शक्ति कमी होत जाते, आणि पुष्कळ कुत्र्यांस पेलाभर दुधानेंच पातळ शौच होतें. मग एकीकडे दूध चालूं ठेवावयाचें आणि दुसरीकडे जुलाबांसाठीं महागडी पूड द्यावयाची, असा हा प्रकार आहे.

त्वचेच्या खाजेवर जंतूंचा उपयोग होईल काय, याचाहि शोध चालला आहे. वावड्याची खाज जन्मतः होण्याचा संभव असलेल्या पिल्लांस लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जंतु दिला असतां रक्तांतील वावड्याचीं चिन्हें कमी झालीं, परंतु २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निकालांत प्रत्यक्ष खाजेंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. आंतडें आणि त्वचा यांचा संबंध आहे, हें यावरून ध्यानांत येतें. पण डब्यावरच्या चित्रांतील चकाकी त्यानें हाती येत नाहीं. जुनाट जुलाबांमुळें अन्न अंगीं लागत नसेल, आणि त्यामुळें केस निस्तेज झाले असतील, तर पोट सुधारल्यावर केसहि सुधारतील. तेथेंहि घाई उपयोगी नाहीं. जुना केस गळून नवा उगवण्यास दोन-तीन महिने जावे लागतात. आठ दिवसांत केस चमकले असें कोणी सांगितलें, तर तो गुण ब्रशाचा किंवा तेलाचा समजावा.

आतां डबा हातीं घेऊन काय पाहावें? आपलीं विरजणाचीं तीन सूत्रें आठवा. प्रथम जंतूचें पूर्ण नांव पाहावें. नुसतें ‘लॅक्टोबॅसिलस’ पुरेसें नाहीं, पुढें त्याच्या जातीचा क्रमांक किंवा संकेत हवा. दुसरें म्हणजे मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जंतूंची संख्या. ती कोटींच्या हिशोबांत दिलेली असते. तयार करतेवेळची संख्या सांगून उपयोग नाहीं, कारण नाशिकच्या उन्हाळ्यांत दुकानाच्या कांचेंत महिनाभर पडून राहिलेल्या डब्यांत त्यांतील किती उरले असतील, कोणास ठाऊक! तिसरें, कोठें व किती उष्णतेंत ठेवावा याची सूचना. ही चिकित्सा अनाठायीं नाहीं. कॅनडांतील संशोधकांनीं बाजारांतील अशा २५ पदार्थांची तपासणी करून २०११ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हां वेष्टणावरील माहिती नीट आणि आंतील जंतूहि सांगितल्याप्रमाणें, असे केवळ दोनच निघाले. पूड गरम अन्नावर घालूं नये, हें कढत दुधांत विरजण न घालणाऱ्या गृहिणीस निराळें सांगावयास नको. प्रतिजैविक औषध चालूं असल्यास दोहोंमध्यें कांहीं तासांचें अंतर ठेवावें. आणि माणसांसाठीं केलेल्या साखरविरहित गोळ्या किंवा पुड्या कुत्र्यास देण्यापूर्वीं त्यांत झायलिटॉल नांवाचें गोड द्रव्य नाहीं ना, हें पाहावें. माणसास निरुपद्रवी असलेलें हें द्रव्य कुत्र्याच्या रक्तांतील शर्करा एकाएकीं उतरवितें व यकृतास इजा करतें.

येथें पुष्कळांच्या मनांत येईल कीं, मग घरचें ताजें दहीं काय वाईट? दहीं वाईट नाहीं. दुधापेक्षां त्यांत शर्करा कमी असल्यानें तें कुत्र्यास अधिक सोसतें, आणि मोठ्या कुत्र्यास चमचा-दोन चमचे बिनमिठाचें गोडसर दहीं देण्यास सहसा हरकत नसते. पण घरच्या विरजणांत कोणते जंतु किती आहेत हें घरोघर निराळें, आणि जठरांतील तीव्र आम्लांतून त्यांतले किती पार होतील याचा नेम नाहीं. म्हणून दहीं हें अन्न समजून द्यावें, औषध समजून नव्हे. त्यापेक्षां आधीपासून आंत असलेल्या जंतूंना खाऊ घालणें पुष्कळदां अधिक फलदायी होतें. थोडा उकडलेला लाल भोपळा, किंवा पशुवैद्याच्या सल्ल्यानें भरपूर पाण्यांत भिजविलेला इसबगोल, मोठ्या आंतड्याच्या कित्येक विकारांत उपयोगी पडतो.

आणि दह्याचा विषय निघाला म्हणून नाशिककरांना एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. आपल्याकडे दहीभातांत द्राक्षें घालण्याची पद्धत आहे, आणि द्राक्षांच्या दिवसांत तर घरोघर घड लटकत असतात. उरलेला दहीभात पोटास थंड म्हणून कुत्र्यापुढें ठेवला जातो. श्रोतेहो, द्राक्ष, मनुका आणि बेदाणा कुत्र्यास विषारी आहेत. त्यांनीं मूत्रपिंडें निकामी होऊन कुत्रा दगावूं शकतो. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हें त्याचें कारण असावें, असें अनुमान २०२१ सालीं अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं मांडलें. किती द्राक्षांनीं बाधा होईल हें निश्चित सांगतां येत नाहीं. एखाद्यास पुष्कळ खाऊन कांहीं होत नाहीं, तर एखाद्यास थोडींच पुरतात. कुत्र्यानें द्राक्षें खाल्लीं असें दिसतांच, तो ओकण्याची वाट न पाहतां पशुवैद्याकडे न्यावें. कांदा-लसणाचें वरण-सांबारहि असेंच वर्ज्य समजावें. कांद्यानें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात.

याच जागीं हितकर जंतूंची मर्यादाहि सांगून टाकतों. लहान पिल्लूं वारंवार ओकत असेल, शौचांतून रक्त पडत असेल, तें पाणीहि घेत नसेल, तर तेथें दहीं, ताक, पूड यांपैकीं कशाचेंहि काम नाहीं. तो पार्व्हो असूं शकतो. हा विषाणु १९७८ च्या सुमारास जगभर पसरला, आणि लस न टोंचलेल्या पिल्लांचा तो काळ ठरला आहे. त्यांत पिल्लूं मरतें तें बहुतांशीं शरीरांतील पाणी आटल्यामुळें व आंतड्यांची भिंत फुटून जंतु रक्तांत शिरल्यामुळें. एका दिवसाचा उशीर प्राणांतिक होतो. मोठ्या कुत्र्यासहि दोन-तीन दिवसांपेक्षां अधिक जुलाब राहिले, ताप आला, किंवा वजन घटूं लागलें, तर घरगुती उपाय थांबवावे. मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. नागपुरास पशु व मत्स्य विज्ञानाचें विद्यापीठ २००० सालीं स्थापन झालें. तेथून शिकून बाहेर पडलेले वैद्य आज गांवोगांवीं आहेत. त्यांच्याकडे जाण्यास कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं.

आतां एकलहऱ्याच्या त्या कुत्र्याची हकीकत पुरी करतों. मी गृहस्थांस म्हटलें, “पूड राहूं द्या. उद्यां सकाळचें ताजें शौच एका डबींत घेऊन पशुवैद्याकडे चला.” वैद्यांनीं प्रथम कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी पाहिली; ती गुलाबी असावी तर फिकट पांढुरकी होती. मग शौचाचा अंश सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, आणि अंकुशकृमींचीं अंडीं स्पष्ट दिसलीं. हे कृमि आंतड्याच्या भिंतीस दांत रोवून रक्त पितात. ज्याचें रक्त रोज असें झिरपत आहे, त्याच्या आंतड्यांत उत्तमोत्तम जंतूंची कितीहि पेरणी केली, तरी केसांवर चकाकी कोठून येणार? कृमिनाशक औषध झालें, पंधरा दिवसांनीं पुन्हां झालें, लोह दिलें, पोळी-दुधाऐवजीं अंडें, मांस व भात असा आहार सुरू झाला. वैद्य वहिनींस आणखी एक गोष्ट म्हणाले: “ताई, या कृमींच्या अळ्या ओल्या मातींतून माणसाच्या कातडींतहि शिरतात. मुलांना अंगणांत अनवाणी खेळूं देऊं नका, आणि कुत्र्याची घाण रोजच्या रोज उचला.” हें ऐकून वहिनी क्षणभर गप्प झाल्या. धाकट्या मुलाच्या पायावर उठलेली नागमोडी खाजरी रेघ त्यांना आठवली असावी. त्याच संध्याकाळीं त्या त्यास घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

दिवाळीस मी पुन्हां गेलों, तेव्हां कुत्रा फाटकापर्यंत धांवत आला. पाठीवरचे नवे केस उन्हांत चमकत होते. गृहस्थांनीं हंसत विचारलें, “मग तो डबा फुकटच गेला म्हणावयाचा?” त्या डब्यानें कुत्र्याचें कांहीं बिघडविलें नव्हतें. त्याचा अपराध असेल तर एवढाच कीं, दोन महिने घरच्यांना आपण कांहींतरी करीत आहोंत असें समाधान तो देत राहिला, आणि तेवढा काळ खरें कारण तसेंच आंत राहिलें. कृमि गेल्यावर, औषधांनीं विस्कटलेली आंतड्याची वस्ती पुन्हां बसविण्यास योग्य जातीचे हितकर जंतु कांहीं आठवडे दिले असते, तर तें समंजसपणाचें ठरलें असतें.

तात्पर्य, विरजण चांगलें असलें तरी भांड्यास भोंक असतां दहीं लागत नाहीं. आधीं भांडें पाहावें, मग विरजण घालावें. ज्या मुक्या प्राण्यास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं, त्याच्या बाबतींत ही पाहणी करण्याची जबाबदारी सर्वस्वीं आपली आहे.